ऑनलाइन मोटरसायकल शर्यती : नवख्यांना शिकवावे कसे?

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

मी देवगड तालुक्यात राहतो आणि गेली सहा वर्षे मोटोजीपी व राइड या मालिकांतील खेळ ऑनलाइन खेळतो. जून-जुलैत मासेमारी बंद झाली की आमच्या वाडीतल्या तरुणांना संध्याकाळी उसंत मिळते, मे महिन्यात आणि गणपतीत मुंबईहून भाचे-पुतणे येतात, आणि मग माझ्या पडवीत पडद्यासमोर कोणी ना कोणी नवखा पॅड (खेळाचा कंट्रोलर) हातात घेऊन बसलेला असतो. गेल्या तीन पावसाळ्यांत अशा अकरा जणांना मी पहिल्या फेरीपासून शिकवले. त्यांपैकी चौघांनी आठवड्याच्या आत खेळ सोडला आणि ते चौघेही पहिल्या पावसाळ्यातले होते. दोष माझ्या शिकवण्यात होता अशी माझी आता खात्री झाली आहे, म्हणून हा धागा काढतो आहे.

अनेक जाणकार आजही जी पद्धत सुचवतात तीच तेव्हा माझी होती. सर्व साहाय्ये, म्हणजे खेळ आपोआप करून देतो ती मदत, पहिल्याच दिवशी बंद करायची, नवख्याला थेट जागतिक स्पर्धेच्या सर्वोच्च वर्गातल्या १००० सीसीच्या मोटोजीपी गाडीवर बसवायचे आणि "माझ्या मागून ये" म्हणून आपण पुढे निघायचे. स्पेनमधल्या हेरेझ ट्रॅकच्या सहाव्या वळणावर, म्हणजे मागच्या लांब सरळ पट्ट्याच्या टोकाशी जे उजवे तीव्र वळण आहे तिथे, एक मुलगा लागोपाठ सात फेऱ्यांत सात वेळा पडला. सातव्या वेळी त्याने पॅड हलकेच चटईवर ठेवला आणि म्हणाला, "माका ह्या जमाचा नाय." हाच मुलगा वारा पडलेला नसतानाही होडी खाडीच्या तोंडातून सुखरूप आत घेतो. त्याला न जमण्याचे काहीच कारण नव्हते. रात्री मी ते सगळे पुन्हा आठवून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की सातही वेळा मी पुढे निघून गेलो होतो आणि तो नेमका कसा पडला हे मी एकदाही पाहिले नव्हते.

आता मी नवख्याच्या मागे, वीस-तीस मीटर अंतर राखून चालवतो. तो पडला की थांबतो आणि एवढेच विचारतो, "कशाने पडलास?" "गाडी घसरली" हे उत्तर मी पुरेसे मानत नाही. पुढचे चाक घसरले की मागचे, आणि त्या क्षणी तुझे डावे बोट (ब्रेकवरचे) व उजवे बोट (रेसवरचे) काय करत होते, हे त्याला सांगता आले पाहिजे. ज्या दिवशी तो हे न विचारता सांगू लागतो त्या दिवसापासून त्याची भीती ओसरते, मग फेरीला कितीही वेळ लागो. पडणे आपल्या हातचे आहे हे कळले की न पडणेही आपल्या हातचे होते.

हा खेळ चारचाकीच्या खेळांहून अवघड का वाटतो, हे नवख्याला आरंभीच सांगितलेले बरे. प्रत्यक्ष स्वाराला मागचे चाक सरकू लागल्याचे सीटमधून आणि पायांतून कळते. आपल्याला केवळ डोळे, कान आणि पॅडची थरथर यांवर भागवावे लागते. २०२० साली टाळेबंदीत, २९ मार्च रोजी, मोटोजीपीच्या खऱ्या स्वारांची इटलीतल्या मुजेल्लोच्या आभासी ट्रॅकवर शर्यत झाली आणि ती आलेक्स मार्केझने जिंकली. त्या शर्यतीत जगातले नामांकित स्वार पुन्हापुन्हा पडताना सर्वांनी पाहिले. ज्यांचे आयुष्य गाडीवर गेले त्यांनाही शरीराची साक्ष काढून घेतल्यावर नव्याने शिकावे लागले, हे ऐकून मुलांचे खांदे सैल होतात, असा माझा अनुभव आहे.

ब्रेकविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण नवख्यांच्या बहुतेक पडण्याचे मूळ तिथे आहे. टायरची पकड ही एकच भाकरी आहे. तिच्यातला मोठा तुकडा ब्रेकने खाल्ला की वळण्यासाठी थोडाच उरतो. सरळ उभ्या गाडीवर पुढचा ब्रेक जोरात दाबता येतो, कारण वजन पुढच्या चाकावर येते. मात्र गाडी झुकू लागली की झुकण्याच्या प्रमाणात ब्रेक सोडत जावा लागतो. नवखा याच्या उलट करतो. वळण जवळ आले की घाबरून आधी झुकतो, मग वेग जास्त आहे हे ध्यानात येताच डावा ट्रिगर तळापर्यंत दाबतो, आणि पुढचे चाक निसटते. आमच्या वाडीतल्या मुलांना मी विहिरीची आठवण देतो. भरलेली कळशी वर ओढताना जोर लागतो. पण रिकामी कळशी खाली सोडताना दोर एकदम सोडून देत नाहीत, तळहातातून सरकू देतात. ब्रेक दाबणे सगळ्यांना येते, तो असा सरकत सोडणे शिकवावे लागते. मी मुलाचे डावे बोट माझ्या बोटाखाली ठेवून तीन-चार फेऱ्या तो दाब त्याला जाणवू देतो. शब्दांनी जे आठवडाभरात कळत नाही ते अशाने एका संध्याकाळी कळते.

गाडी म्हणाल तर मोटो-३, म्हणजे त्याच स्पर्धेतला सर्वांत लहान वर्ग. २५० सीसीचे एकच सिलिंडर असल्यामुळे वळणातून बाहेर येताना रेस थोडी जास्त दिली गेली तरी ती माफ करते. मोटोजीपीची गाडी त्याच चुकीसाठी स्वाराला हवेत उडवते: मागचे चाक सरकते, घाबरून थ्रॉटल एकदम मिटला जातो, पकड झटक्याने परत येते आणि गाडी उसळते. ट्रॅक म्हणून मला हेरेझच पसंत आहे. ४.४२३ किलोमीटरांत १३ वळणे आहेत, त्यांत हळू, मध्यम, वेगवान अशा सर्व तऱ्हा येतात आणि दोन चुकांच्या मध्ये श्वास घेण्यापुरता रस्ताही मिळतो.

साहाय्ये एकेक करून काढावीत. माझा क्रम असा: आपोआप लागणारा ब्रेक सर्वांत आधी बंद, कारण तो शिकण्याची गोष्टच झाकून टाकतो, त्यानंतर रस्त्यावरची रंगीत रेषा, मग स्वयंचलित गिअर, मग दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सोय, आणि ट्रॅक्शन कंट्रोल (मागचे चाक जागीच फिरू न देणारी सोय) सर्वांत शेवटी, तेही एकेका अंकाने. इतरांचे क्रम आणि अनुभव वाचायला आवडतील.

जांभ्याची वाट

धागा आवडला, मागे राहून चालवण्याचा मुद्दा तर मी उद्यापासूनच अमलात आणीन. मात्र गिअरच्या बाबतीत माझे मत वेगळे आहे. मी रत्नागिरीत माझ्या दोन चुलतभावांना शिकवले आणि दोघांनाही दुसऱ्याच दिवशी हाताने गिअर टाकायला लावले. गिअर खाली टाकताना इंजिन गाडीला मागे ओढते आणि त्या ओढीचा उपयोग वळणात शिरताना होतो. स्वयंचलित गिअरवर ही ओढ केव्हा येईल हे नवख्याला कळत नाही, त्यामुळे मागचे चाक हलले की तो गोंधळतो. शिवाय आपल्याकडची मुले खरी गाडी चालवण्याच्या वयाची असतील तर गिअरची सवय त्यांना आधीपासून असते.

दुसरे असे की चूक झाल्यावर मागे जाण्याची रिवाइंडची सोय तुम्ही वापरू देता का, हे लिहिलेले नाही. मी ती बंदच ठेवतो. ऑनलाइन शर्यतीत ती मिळत नाही, मग तिची सवय का लावावी?

खाडीकाठ

गिअरबद्दलचा तुमचा मुद्दा मला पटतो, विशेषतः ज्यांनी गाडी चालवलेली आहे त्यांच्या बाबतीत. तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना मात्र मी गिअर उशिराच देईन. डावे बोट, उजवे बोट आणि अंगठा एवढे एका वेळी सांभाळताना त्यांची तारांबळ उडते.

रिवाइंडबद्दल माझे मत ठाम आहे: ती पहिल्या आठवड्यात चालू ठेवावी. कारण असे की सहाव्या वळणावर पडलेल्या मुलाला तेच वळण पुन्हा मिळायला एरवी दोन-अडीच मिनिटे लागतात, तोवर बोटे काय करत होती हे तो विसरलेला असतो. रिवाइंडने तो लगेच त्याच जागी परत येतो आणि एकच गोष्ट बदलून पाहतो. पण बटण दाबण्यापूर्वी कारण मोठ्याने सांगायचे, असा माझ्या पडवीतला नियम आहे. कारण सांगता आले नाही तर पूर्ण फेरी मारायची.

हर्णैचा खलाशी

रंगीत रेषेविषयी लिहितो, कारण तिने माझे एक वर्ष वाया घालवले. रेषा चालू असेपर्यंत माझी नजर पुढच्या चाकापासून दहा हातांवर खिळलेली असे. रेषा लाल झाली की ब्रेक, हिरवी झाली की रेस. ती बंद केली तेव्हा ध्यानात आले की ट्रॅक मला मुळीच ठाऊक नाही.

आमच्याकडे होडी बंदरात आणताना समोरचा एखादा उंच माड आणि त्याच्या मागचे देवळाचे शिखर एका रेषेत धरतात. ती दोन एकावर एक आली की खालचा खडक चुकला असे समजतात. मी ट्रॅकवर हेच करू लागलो. वळणाआधी जे अंतराचे फलक असतात त्यांतला एक ब्रेकसाठी निश्चित केला, वळणाच्या आतल्या कडेच्या रंगीत पट्टीचा आरंभ झुकण्यासाठी आणि तिचा शेवट रेस देण्यासाठी. प्रत्येक वळणाला तीन खुणा, त्याही कागदावर लिहून काढलेल्या. नजर नेहमी पुढच्या खुणेवर, कारण गाडी जिथे आहे तिथे करण्यासारखे काही उरलेलेच नसते. हेरेझच्या १३ वळणांच्या खुणा पाठ व्हायला मला नऊ दिवस लागले आणि त्यानंतर मी रेषा पुन्हा कधी लावली नाही.

तारजोडणी

मी कुडाळला इंटरनेट जोडणीची कामे करतो, त्यामुळे माझ्याकडे येणारे नवखे वेगळीच तक्रार घेऊन येतात: "समोरची गाडी एकदम माझ्या अंगावर आली." यात चालवण्याची चूक नसते. मुजेल्लोला २०२३ साली मोटोजीपीचा स्वार ब्रॅड बिंडरने ताशी ३६६.१ किलोमीटरचा वेग गाठला. म्हणजे सेकंदाला १०० मीटरांहून थोडे अधिक. या हिशेबाने जोडणीत सेकंदाच्या दहाव्या भागाचा विलंब असला, तर तुम्हाला दिसणारी गाडी प्रत्यक्षात दहा मीटर पुढे असू शकते. खेळ तिच्या जागेचा अंदाज बांधून ती दाखवतो आणि तो अंदाज ब्रेकच्या जागीच सर्वांत जास्त चुकतो, कारण वेग तिथेच झपाट्याने बदलतो. मोटो-३ वर वेग कमी म्हणून ही चूकही कमी. धागाकर्त्यांच्या निवडीला हे आणखी एक कारण धरा.

करण्यासारखे एवढेच की कन्सोल वाय-फायवर न ठेवता राउटरला तारेने जोडावा, शर्यतीच्या वेळी घरातले इतर फोन मोठ्या गोष्टी उतरवून घेत नाहीत ना हे पाहावे, आणि राउटरला एक छोटा बॅटरी बॅकअप द्यावा. पावसात आपल्याकडे वीज दोन सेकंद जाऊन परत येते. तेवढ्यात राउटर बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला काही मिनिटे घेतो आणि शर्यत संपलेली असते. नवख्याला मात्र आपण काहीतरी चुकीचे दाबले असे वाटत राहते. ही समजूत दूर करणे हादेखील शिकवण्याचाच भाग आहे.

अबोली

मी वेंगुर्ल्याची. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे आणि तिच्या मामेभावाने मे महिन्यात जुना पॅड व कन्सोल तिला दिल्यापासून ती हा खेळ मनापासून खेळते. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, तिला सरळ रस्त्यावरही गाडी सरळ ठेवता येत नाही. ती डावीकडे जाते आणि मुलगी सारखी उजवीकडे सावरत बसते. "मला साधं सरळसुद्धा जाता येत नाही" म्हणून ती परवा रडली. दुसरी, ती एकदा खेळातल्या अनोळखी लोकांच्या ऑनलाइन खोलीत शर्यतीला गेली. तिथे तिचा आवाज ऐकून काही मुलांनी तिला नको ते बोलून मुद्दाम धडका दिल्या. त्यानंतर तिने ऑनलाइन जाणे बंद केले आहे. तिला पुन्हा आणावे कसे?

खाडीकाठ

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर आजच तपासता येईल. सरावात गाडी सरळ रस्त्यावर चालू करा, मुलीला उजव्या बोटाने फक्त रेस धरू द्या आणि डावा अंगठा गाडी वळवणाऱ्या स्टिकवरून पूर्ण उचलायला सांगा. तरीही गाडी डावीकडे झुकत असेल तर दोष पॅडचा आहे. स्टिकच्या खालचा भाग वापराने झिजतो, आपल्याकडची खारी दमट हवा आणि धूळ त्यात भर घालतात, आणि मग कोणी हात लावला नसतानाही स्टिक थोडी कललेली असल्याचे खेळाला वाटते. खेळाच्या नियंत्रणाच्या सेटिंगमध्ये स्टिकचा डेड झोन थोडा वाढवला की ही किरकोळ हालचाल दुर्लक्षिली जाते. दोष फार वाढलेला असेल तर मात्र स्टिक बदलून घ्यावी लागेल. आणि पॅड वापरून झाला की घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. अनोळखी खोलीत नवख्याला एकटे पाठवणेच मुळात चूक आहे आणि ती चूक आपण शिकवणाऱ्यांनी होऊ दिली आहे. पुष्कळ मुलांना वाटते की धडक हा शर्यतीचाच भाग आहे. हेरेझच्याच शेवटच्या वळणावर २००५ साली रॉसीने जिबर्नाऊला आणि २०१३ साली मार्क मार्केझने लोरेन्झोला अंगाला अंग घासून मागे टाकले. त्या चित्रफिती पाहून मुले तेच करायला जातात. परंतु ते कसलेले व्यावसायिक स्वार होते आणि तेव्हाही त्यावर मोठे वाद झाले, हे त्यांना कोणी सांगत नाही. शिकणाऱ्यांच्या खोलीत अशा ओव्हरटेकला जागा असता कामा नये. मागून येणाऱ्यानेच पुढच्याला सांभाळायचे, हा नियम असला पाहिजे.

मी दर रविवारी रात्री नऊ वाजता एक बंद खोली उघडतो. सहा जणांहून अधिक नाहीत, सांकेतिक शब्दाशिवाय कोणी आत येत नाही, धडकांचा परिणाम बंद, मोटो-३, आठ फेऱ्या. पडला तरी कोणी हसत नाही. ज्याने हसून दाखवले त्याला मी परत बोलावलेले नाही, मग तो कितीही वेगवान असो. तुमच्या मुलीला आवाज बंद ठेवून यायचे असेल तरी चालेल, आणि तुम्ही शेजारी बसलात तर उत्तमच. पहिल्या वळणावर ती सर्वांत शेवटी राहील आणि मी तिच्या मागे असेन. तिला एवढे आधी सांगून ठेवा की पुढच्या गाडीच्या आडोशात हवेचा अडथळा कमी होतो, वेग वाढतो आणि थांबायला जास्त जागा लागते. म्हणून एकटी असताना जिथे ब्रेक लावते त्याच्या थोडे आधी लावायचा.

अबोली

दादा, अंगठा उचलून पाहिला. गाडी डावीकडेच गेली. मुलगी दोन मिनिटे नुसती पडद्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी नीट चालवत होते?" डेड झोन वाढवल्यावर गाडी सरळ जाते आहे. रविवारी आम्ही दोघी येतो.

नवशिका

मी लांज्याचा. हातात पैसे थोडे आहेत; नवी आवृत्ती घ्यावी की दोन-तीन वर्षे जुनी? आणि पडद्यावर गाडी मागून दिसावी की हेल्मेटमधून? कुणी जीपी बाइक्स घ्यायला सांगतात, ते योग्य आहे का?

जांभ्याची वाट

जुनी आवृत्ती शिकायला पूर्ण पुरते; फक्त घेण्यापूर्वी तिच्या ऑनलाइन शर्यती अजून चालू आहेत ना आणि आपल्या ओळखीचे लोक तीच खेळतात ना, हे विचारून घ्या, कारण जुन्या आवृत्त्यांचे सर्व्हर कालांतराने बंद केले जातात. आरंभी गाडी मागूनच बघावी. ती किती झुकली आहे हे तिथून स्पष्ट दिसते. जीपी बाइक्स हा संगणकावरचा अत्यंत काटेकोर सिम्युलेटर आहे आणि मला तो प्रिय आहे, पण तो पहिल्या वर्षासाठी नव्हे. आणखी एक, हेडफोन अवश्य घ्या. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना इंजिनाचा आवाज ऐकू येत नाही, आणि गिअर केव्हा टाकायचा व मागचे चाक केव्हा फिरू लागले हे आपल्याला प्रामुख्याने कानांनीच कळते.

खाडीकाठ

रविवारच्या खोलीचा वृत्तान्त. पाच जण होते. प्रत्यक्ष मोटो-३ चे स्वार हेरेझची फेरी पावणेदोन मिनिटांच्या आसपास मारतात. आमच्याकडे सर्वांत सावकाश फेरी दोन मिनिटे सोळा सेकंदांची होती आणि ती कोणाची हे मी मुद्दामच लिहीत नाही. मी फेरीची सर्वोत्तम वेळ वहीत मांडतच नाही. न पडता लागोपाठ किती फेऱ्या झाल्या आणि त्यांच्या वेळांत किती तफावत राहिली, एवढेच मांडतो. अबोलीताईंच्या मुलीच्या आठपैकी सहा फेऱ्या न पडता झाल्या आणि त्यांतल्या शेवटच्या चार एकमेकींपासून दोन सेकंदांच्या आत होत्या.

पाचव्या फेरीत ती सहाव्या वळणावर पडली. मी तीस मीटरांवर होतो. मी थांबलो, पण मला विचारावे लागले नाही; तोवर आवाज बंद ठेवलेल्या तिने माइक उघडला आणि म्हणाली, "पुढचं चाक. झुकताना ब्रेक सोडायला उशीर केला." आणि उठून पुढे निघाली.

अबोली

ती विचारते आहे की ट्रॅक्शन कंट्रोल पुढच्या रविवारी कमी केले तर चालेल का.

खाडीकाठ

आधी स्वयंचलित गिअर काढू या. जांभ्याची वाट यांचे म्हणणे तिच्या बाबतीत खरे ठरेल असे वाटते. बुधवारी संध्याकाळी अर्धा तास वेळ असेल तर सरावासाठी खोली उघडतो.